वारा शांत, धूर गावाकडे

आंबटोला, ता. कुही
१८ नोव्हेंबर २०२४

चि. नूपुर हिस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन सोडून पत्र कसले लिहितो म्हणून हसशील. पण फोनवर मला अर्धेच ऐकू येते आणि उरलेले मी मनाने भरतो. त्यावरून तुझ्या मामीशी दोन भांडणे होऊन गेली. कागदावरचे अजून चष्म्याने स्वच्छ दिसते, तेव्हा आपले हेच बरे.

परवा ग्रामपंचायतीत माळावरच्या लोखंडाच्या कारखान्याचा अहवाल आला. त्यांना दुसरी चिमणी उभारायची आहे आणि तिचा धूर कुठे जाईल याचा हा अभ्यास. सरपंच रुपराव पाने उलटत होते. शेवटच्या पानावर त्यांचे बोट थांबले आणि त्यांनी मला हाक मारली. तिथे लिहिले होते, हवेचे गणित : नूपुर सुमंत वराडपांडे. मी ते चारचौघांत मोठ्याने वाचले आणि ऐकू आले नसेल असे दाखवून पुन्हा वाचले. माझ्या तलावावरच्या हवामान केंद्रात येऊन जिने थर्मामीटर फोडला आणि मग माझ्याबरोबर पोस्टकार्डाने पारा गोळा करत बसली, त्या माझ्या भाचीचे नाव आता सरकारदरबारी जाणार. छाती फुगली, खोटे का सांगू.

पण एक गोष्ट लिहायची की नाही याचा दोन दिवस विचार केला. अहवालात म्हटले आहे की धूर पलीकडच्या शेतांवरून निघून जाईल आणि गावाला तो मर्यादेच्या आतच लागेल. ते ऐकून शेजारच्या यमुताई सगळ्यांसमोर म्हणाल्या की नूपुरले विचारा, धूर तिकडं जाते तं सकाळी दोरीवर टाकलेले माहे कपडे काहून काळे होऊन राहिले. मी त्यांना सांगितले की माझ्या भाचीचे गणित चुकायचे नाही. सांगितले खरे, पण काल सकाळी घराच्या ओट्यावर बोट फिरवून पाहिले तर बोट काळे झाले. मामीचा सकाळचा खोकलाही दोन हिवाळ्यांपासून वाढला आहे. तुझ्या कामात खोट काढायची म्हणून नाही, तुला माहीत असावे म्हणून लिहिले.

ताईला आणि सुमंतरावांना नमस्कार. गाडी सावकाश चालव. मामाची आठवण असू दे.

तुझा,
मार्तंडमामा


नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस नूपुरचा शि. सा. न., वि. वि.

तुमचे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आले आणि सगळे टेबलाभोवती गोळा झाले. आमच्याकडे पोस्टाने येतात त्या फक्त नोटिसा. आमच्या प्रमुख हिमानी मॅडम तर तुमचे अक्षर बघत राहिल्या आणि हे छापलेले आहे का म्हणून विचारू लागल्या.

आता यमुताईंना काय सांगायचे ते सांगते. चिमणी किती उंच, धूर किती गरम, त्यात काय काय आहे, हे कारखान्याची कंपनी आम्हाला देते. हवामान आम्ही नागपूरच्या विमानतळावरचे घेतो, कारण दर तासाच्या नोंदी तिथेच मिळतात. वारा कुठून आला, किती वेगाने आला, ऊन किती, ढग किती. मग कॉम्प्युटर वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास एकेक करून तपासतो आणि प्रत्येक तासाला धूर कुठे उतरला ते सांगतो. हे सगळे मी चार वेळा तपासले होते आणि, तुमच्याच शब्दांत, छाती फुगली होती.

पण तुमच्या ओट्यामुळे मी पाचव्यांदा बघितले आणि एका जागी अडकले. या गणितात वाऱ्याच्या वेगाने भागायचे असते. वारा शांत असला की वेग शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर ते तास निमूटपणे वगळतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो. सगळीकडे हीच रीत आहे, म्हणून मला कधी त्यात काही वाटले नाही. पण वगळलेले तास नेमके कोणते ते काल पहिल्यांदा पाहिले. त्यातले निम्म्याहून जास्त हिवाळ्यातल्या सकाळचे आहेत.

मामा, तुम्ही बावीस वर्षे तलावावर वारा मोजलात. अशा सकाळी तुम्ही वहीत काय लिहायचात? फक्त शांत, की आणखी काही?

मामीला म्हणावे, सकाळी अंगणात येताना तोंडाला पदर बांधून ये. हसली तरी बांधायला लावा. आशीर्वादाचा हात पाठीवर राहू द्यावा.

तुमची,
नूपुर


आंबटोला
४ डिसेंबर २०२४

चि. नूपुर हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझा प्रश्न वाचून मी माळ्यावर चढलो. मामी खालून म्हणत होती की या वयात पडाल तं मले सांगू नका. मी पडलो नाही. माझ्या बावीस वह्या एका पेटीत होत्या, कसर लागलेली नाही. खात्याला शाईने लिहिलेली प्रत जायची, या माझ्या स्वतःच्या, पेन्सिलीतल्या. रुपरावांचा रोशन परवा धान घेऊन नागपुरात कळमन्याच्या बाजारात येतो आहे, त्याच्याबरोबर पेटी पाठवतो. स्वतः जाऊन घे.

आता उत्तर. नुसते शांत मी कधीच लिहिले नाही. आमच्या शिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितले होते की वारा इतका मंद असू शकतो की दिशा दाखवणारा बाण हलत नाही, वेग मोजणारे वाट्यांचे यंत्र फिरत नाही, पण धूर हलतो. धुराला खोटे बोलता येत नाही. म्हणून सकाळी साडेआठच्या नोंदीत मी वाऱ्याच्या रकान्यात शांत लिहायचो आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात धूर कुठे चालला ते. तेव्हा माळावर धानाची गिरणी होती. भट्टीत तूस जळायचे, त्याचा भरपूर धूर. गिरणी बंद पडल्यावर तीच जमीन कारखान्याने घेतली. तेव्हा चिमणी बदलली असेल, जागा तीच आहे.

हिवाळ्यात सकाळी थंड हवा जड होते आणि माळावरून उताराने नाल्यात उतरते. नाला कुठे येतो हे तुला सांगायला नको, लहानपणी त्यातच डुंबायचीस. धूर त्या हवेवर बसून गावात येतो. साडेनऊ-दहाला ऊन तापले की उठून जातो. तुझे विमानतळ सपाटीवर आहे बाई, त्याला आमचा नाला काय ठाऊक.

इतक्या वर्षांत कुणी तो शेऱ्याचा रकाना वाचला नव्हता. खात्याने तर नाहीच. तू वाचणार म्हणून काल मला जेवण गोड लागले. सुखी राहा, आणि वह्यांची पाने थुंकी लावून उलटू नकोस.

मार्तंडमामा


नागपूर
२९ डिसेंबर २०२४

ती. मामांस शि. सा. न., वि. वि.

तीन आठवडे पत्र नाही म्हणून रागावला असाल. तुमच्या वह्याच उतरवत होते. बावीस वर्षांचे डिसेंबर आणि जानेवारी, म्हणजे एक हजार तीनशे चौसष्ट सकाळी. त्यातल्या नऊशे बारा सकाळी वारा शांत. आणि त्यातल्या सातशे अठरा सकाळी तुमच्या पेन्सिलीने लिहिले आहे, धूर गावाकडे.

मामा, माझे गणित चुकले होते. बेरीज-भागाकार चुकला नाही, पण ज्या वेळी तुमच्या गावात धूर येतो नेमकी तीच वेळ मी वगळली होती. मॅडमना सांगणे सोपे नव्हते, कारण काम कंपनीने दिलेले आहे. त्यांनी दोन दिवस माझे आकडे स्वतः तपासले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की आपली चूक दुसऱ्याने दाखवायच्या आत आपण दाखवू, काम गेले तर गेले.

तर आता असे ठरले आहे. गावातल्या शाळेच्या छतावर एक नवे यंत्र बसवायचे. त्याला वाट्या नाहीत, ते आवाजाच्या लहरींवर चालते आणि अगदी मंद हवाही पकडते. एक तारखेला आमची माणसे येतील, त्यांना चहा पाजा. त्याच्या नोंदी तुमच्या वह्यांशी जुळल्या की वगळलेले तास गणितात परत घेऊन सुधारलेला अहवाल जाईल. १२ फेब्रुवारीला गावातच जनसुनावणी आहे, म्हणजे चिमणी त्याआधी ठरणार नाही.

सुनावणीत दाखवायचा पहिला तक्ता मी तयार केला आहे. त्यासाठी तुमचा डिसेंबर २००६ निवडला. इतका सुरेख महिना दुसरा नाही. सलग एकवीस दिवस वारा शांत, सलग एकवीस दिवस धूर गावाकडे. हा एक महिना दाखवला की पुढे बोलायची गरज नाही. खाली तुमचे नाव घालते आहे, निरीक्षक मा. य. देशकर. तुम्ही माझे मामा आहात हेही अहवालात सरळ लिहिले आहे, लपवायचे कशाला. मी तर ऑफिसभर सांगत सुटले आहे.

मामीला पहिल्या रांगेत बसवा. तुमची माया अशीच वर्षत राहो.

तुमची,
नूपुर


आंबटोला
८ जानेवारी २०२५

चि. नूपुर हिस आशीर्वाद.

यंत्र बसले. मुले चांगली होती, चहा दोनदा घेतला.

हे पत्र मी आजवर चार वेळा लिहून फाडले. तू निवडलेला डिसेंबर २००६ खोटा आहे. ते एकवीस दिवस मी तलावावर नव्हतो. तुझ्या मामीचे ऑपरेशन झाले होते आणि मी नागपूरला दवाखान्यात तिच्या उशाशी होतो. रजा टाकली असती तर बदली माणूस येईपर्यंत केंद्र बंद पडले असते आणि ते कायमचे बंद करायला खाते कारणच शोधत होते. परत आल्यावर मी एका बैठकीत एकवीस दिवस भरून काढले. हिवाळ्यात दुसरे काय असणार, शांत आणि गावाकडे. तापमान वर्तमानपत्रातून घेऊन एखादा अंश इकडे-तिकडे केला. तुला तो महिना सुरेख वाटला कारण तो घडलेला नाही, लिहिलेला आहे.

त्यात मी एक चूकही करून ठेवली. गिरणी दर मंगळवारी बंद असायची. एरवीच्या मंगळवारी मी गिरणी बंद, धूर नाही असे लिहिले आहे. त्या एकवीस दिवसांत तीन मंगळवार येतात आणि तिन्ही दिवशी मी बंद गिरणीतून धूर काढला आहे. तू धुराच्याच नोंदी वेचल्यास म्हणून तुझ्या डोळ्यांतून सुटले. कंपनीच्या माणसाच्या सुटणार नाही.

गप्प बसावे असेही मनात आले. धूर गावात येतो हे खरेच आहे, तुझी मामी रोज सकाळी खोकते हे खरे आहे. एक महिना खोटा निघाला तर बाकीचे सगळे बुडेल आणि दुसरी चिमणी उभी राहील, मग माझ्या खरेपणाचे गावाने काय करायचे. पण तू तुझी चूक मॅडमसमोर उभी राहून सांगितलीस, ते वाचल्यापासून मला गप्प बसता येईना.

नोकरीत मी दुसरे काही कमावले नाही. न पाहिलेले लिहिले नाही, एवढेच मिरवत आलो, तुझ्यासमोर तर सर्वांत जास्त. तुझ्या मामीलाही, नीलाला, हे माहीत नाही. वह्या परत पाठव आणि माझे नाव काढून टाक. तुझ्या कामाला माझ्यामुळे डाग लागू नये.

मामा


नागपूर
१७ जानेवारी २०२५

ती. मामांस शि. सा. न., वि. वि.

तीन दिवस मी तुमच्यावर रागावले होते. घरी आईशीही धड बोलले नाही. लहानपणापासून मी जिथे कुठे आकडा लिहिला तिथे तुम्ही मागे उभे आहात असे मला वाटत आले आहे, आणि तुम्हीच असे केलेत, याने रडू आले. चौथ्या दिवशी राग माझ्याकडे वळला. तुम्ही न पाहिलेले दिवस भरलेत, मी न पाहता तास सोडले. तुमचे एकवीस दिवस होते आणि तेही मामीच्या उशाशी बसून. माझे वर्षाचे बाराशे तास होते आणि मी एसीत बसले होते.

मग पुन्हा वह्या काढल्या आणि या वेळी एकही ओळ गाळली नाही. बावीस हिवाळ्यांतल्या बाकीच्या प्रत्येक मंगळवारी गिरणी बंद लिहिले आहे. मध्येच धुके, काही दिसले नाही असे आहे. एका जागी आहे की धूर सरळ वर, मग विचार बदलून नाल्याकडे. एक सकाळ पूर्ण खोडून लिहिले आहे, उशीर झाला, नोंद नाही. असा माणूस रोज खोटे लिहीत नाही मामा. २००६ एवढा नीटनेटका होता, तिथेच मला शंका यायला हवी होती.

म्हणून मी असे केले आहे. ते एकवीस दिवस काढले. सातशे अठरातून एकवीस गेले, उरल्या सहाशे सत्याण्णव सकाळी. निष्कर्ष तसूभर हलत नाही. शाळेवरच्या यंत्राने पहिल्या पंधरा सकाळींपैकी बारा सकाळी हवा नाल्याने गावाकडे सरकताना पकडली आहे. नवे गणित सांगते की हिवाळ्यात कितीतरी दिवस गावातला धूर मर्यादेच्या बाहेर जातो, एकाच चिमणीने. दुसरीची गोष्टच सोडा.

तुमचे नाव मी काढणार नाही. अहवालात त्याखाली एक ओळ घातली आहे, की डिसेंबर २००६ मधील एकवीस नोंदी प्रत्यक्ष पाहून केलेल्या नाहीत असे निरीक्षकांनी स्वतः कळवल्यामुळे त्या वगळल्या आहेत. मॅडमनी ती वाचली आणि एवढेच म्हणाल्या की ही ओळ राहू दे.

ती सुनावणीत मोठ्याने वाचली जाईल. त्याआधी मामीला तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून तिला कळायला नको. तुमच्यावर माझा जीव आहे तेवढाच आहे, हे पक्के समजून असा.

तुमची,
नूपुर


आंबटोला
१६ फेब्रुवारी २०२५

चि. नूपुर हिस मामाचे आणि मामीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुनावणीत तू पुढे टेबलाशी होतीस, त्यामुळे मागे काय झाले ते तुला नीट दिसले नसेल. म्हणून सविस्तर लिहितो.

नीलाला मी आदल्या दिवशी सांगितले. अठरा वर्षे पोटात ठेवलेले सांगायला दोन मिनिटे लागली. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. रात्री नुसते म्हणाली की तेव्हा मी शुद्धीवर आले तं तुम्ही समोर होते. मला वाटले विषय संपला.

तू बोललीस तेव्हा मला निम्मे ऐकू आले, पण तुझी मान ताठ होती ते दिसले. आधीचे गणित माझे होते आणि ते अपुरे होते, हे तू माइकवर सांगितलेस तेव्हा रुपराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले की असं कोणी सांगते का गा. मी म्हटले, आमच्यात सांगतात. नूपुर, तुझे नाव छापलेले पाहिले त्या दिवसापेक्षा मला त्या क्षणी तुझा अभिमान जास्त वाटला.

मग कंपनीचा तज्ज्ञ उठला. माझ्याबद्दलची ओळ त्याने दोनदा वाचली. मग तुला म्हणाला की हा निरीक्षक तुमचा मामा, त्याने एकवीस दिवस खोटे लिहिले हे तो स्वतःच कबूल करतो, मग बाकीच्या सकाळी तो तिथे होता हे कशावरून मानायचे. प्रश्न वाजवी होता. मी उभा राहिलो. बावीस वर्षे तिथे मी एकटाच होतो, साक्षीला कोणाला आणणार.

तेवढ्यात नीला उठली. पदर तोंडावर होता, तो काढून ती म्हणाली की मले विचारा. माह्या सख्ख्या भावाच्या लग्नात हे माणूस साडेआठच्या नोंदीसाठी पहाटे साडेपाचलेच मांडवातून उठून तलावावर गेलं, फोटोत हे नाहीत, पाहिजे तं फोटो आणून दाखवते. पोळ्याले जेवणाचं ताट सोडून गेले. सासूबाई वारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठले गेले, तं सगळ्या नातेवाईकानं मले बोलून दाखवलं. रामटेकले जाऊ म्हणून दरवर्षी म्हणायचे, रात्री मुक्काम पडते, सकाळची नोंद चुकते म्हणून कधी नेलं नाही. आयुष्यात एकवीस दिवस हे माणूस माह्यापाशी बसलं, अन् तेच तुम्ही खोटे म्हणून राहिले.

सभा हसली नाही. यमुताई डोळे पुसत होत्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तज्ज्ञाला आणखी काही विचारायचे आहे का म्हणून विचारले. तो खाली बसला. पुढचा निकाल तुला ठाऊक आहे, तरी कागदावर लिहितो म्हणजे मलाच खरे वाटेल. गावातले यंत्र वर्षभर राहणार, हिवाळ्याच्या सकाळी गणितात धरल्याशिवाय दुसऱ्या चिमणीचा विचार होणार नाही, आणि पहिलीची उंचीही तपासणार.

यंत्राबरोबर डोळ्यांनी पाहिलेल्या धुराची रोजची नोंद ठेवायला तुझ्या मॅडमनी मला सांगितले आहे. मी नको म्हणणार होतो. पण नीला म्हणाली की वही मी आणते, फक्त खाली सह्या दोन पाहिजे, म्हणजे पुन्हा कोणी विचारणार नाही. तेरा तारखेला सकाळी साडेआठला आम्ही दोघे शाळेच्या छतावर चढलो. वारा शांत होता. मी सवयीने पेन्सिल काढून लिहिले, धूर गावाकडे. नीलाने कारखान्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली की नाही, आज सरळ वर जाऊन राहिला, नीट पहा. मी नीट पाहिले. तिचे बरोबर होते. लिहिलेले खोडून दुरुस्त करीपर्यंत तिने सही केली नाही.

पुढच्या रविवारी ये, पहाटेच नीघ म्हणजे साडेआठला वर आमच्याबरोबर उभी राहशील. तोवर दोघांची माया जपून ठेव.

तुझा,
मार्तंडमामा